दवाखान्यातली इंग्रजी : कोणते शब्द नीट कळलेच पाहिजेत

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत, मेडिकलमध्ये, मेयोत किंवा मिहानच्या एम्समध्ये, एकाच वॉर्डात भंडारा-गोंदियाचे, गडचिरोलीचे, यवतमाळचे आणि पलीकडच्या मध्य प्रदेशातल्या शिवनी-छिंदवाड्याचे पेशंट शेजारीशेजारी असतात. खाटेजवळ मराठी, हिंदी, गोंडी ऐकू येते. कागदावर मात्र सगळं इंग्रजी. राउंडवर डॉक्टर आपसांत इंग्रजीत बोलतात, सिस्टर तेच शब्द वापरतात, औषधवालाही तेच वापरतो.

नातेवाइकाला ही सगळी इंग्रजी यायची गरज नाही. 'कोलेसिस्टेक्टमी'सारखा अवघड शब्द कानावर पडला की माणूस आपणहून विचारतो, 'म्हणजे काय हो सर?' तिथे फारसं बिघडत नाही. बिघडतं ते ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी. पॉझिटिव्ह, स्टेबल, अ‍ॅक्यूट, फेल, ड्रॉप, एसओएस हे शब्द आपल्याला माहीत आहेत असं वाटतं, म्हणून कोणी विचारत नाही, आणि औषध चुकतं, ऑपरेशन पुढे ढकललं जातं किंवा घरचे उगाच आशा सोडून बसतात. या लेखात भर त्याच शब्दांवर आहे.

आत शिरल्यावर

ओपीडी म्हणजे बाह्यरुग्ण विभाग : दाखवा, चिठ्ठी घ्या, घरी जा. आयपीडी म्हणजे भरती. कॅज्युअल्टी म्हणजे चोवीस तास चालणारा तातडीचा विभाग. कॅज्युअल्टीत आधी आला तो आधी तपासला जात नाही. ज्याच्या जिवाला जास्त धोका, तो आधी. या निवडीला 'ट्रायज' म्हणतात. पाय मोडून कळवळणाऱ्या माणसाआधी शांत पडलेल्या, पण घामाने थबथबलेल्या माणसाला आत घेतलं, तर त्यात वशिला नसतो.

सरकारी दवाखान्यात सगळ्यात कामाचा शब्द 'युनिट'. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो अशा प्रत्येक विभागाची युनिटं पाडलेली असतात. एका युनिटला एक प्रमुख, त्यांच्या हाताखाली एक-दोन प्राध्यापक डॉक्टर, रेसिडेंट आणि इंटर्न. प्रत्येक युनिटचे ओपीडीचे आणि इमर्जन्सी भरतीचे वार ठरलेले असतात. पेशंट ज्या युनिटच्या वारी भरती झाला, तो पुढे त्याच युनिटचा राहतो. म्हणून भरती होताच केस पेपरवरून युनिट आणि वॉर्ड नंबर लिहून घ्यावा. अहेरीहून रात्रभर प्रवास करून माणूस दाखवायला येतो आणि 'तुमच्या युनिटची ओपीडी आज नाही' हे ऐकून परततो. ही फेरी टाळता येण्यासारखी असते.

केस पेपरवर 'एमएलसी' असा शिक्का दिसला की घरचे घाबरतात. मेडिको-लीगल केस म्हणजे ज्या प्रकरणाची पोलिसांना खबर द्यावी लागते ते : रस्ता अपघात, मारहाण, भाजणं, विषबाधा. शिक्का बसला म्हणजे तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असं नाही, आणि पोलीस येईपर्यंत उपचार थांबवायचे असंही नाही. आधी जीव वाचवायचा, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केलं आहे.

विदर्भातल्या कॅज्युअल्टीत 'ओपी पॉयझनिंग' हा शब्द वारंवार ऐकू येतो. हे ओपी म्हणजे ऑर्गेनोफॉस्फरस, फवारणीच्या कीटकनाशकांचा एक गट. पेशंट आणताना औषधाचा डबा किंवा निदान त्याचं लेबल प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून सोबत आणा. उतारा विषाच्या गटावरून ठरतो, 'फवारणीचं औषध' एवढं सांगून भागत नाही. फवारणीचे कपडे काढून अंग साबणाने धुवा, कारण विष कातडीतूनही शरीरात जात राहतं. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. बेशुद्धीकडे झुकलेल्या माणसाच्या छातीत ती उलटी उतरते.

कोण कोण आहे

'लहान डॉक्टर' आणि 'मोठे डॉक्टर' एवढ्या दोन नावांवर काम चालत नाही. इंटर्न म्हणजे एमबीबीएसची परीक्षा पास होऊन एक वर्षाची सक्तीची सेवा करणारे. रक्त काढणं, ड्रेसिंग, कागदपत्रं ही कामं ते करतात. जेआर म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट, एमडी किंवा एमएस करत असलेले. हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, म्हणून जेआर-१, २, ३. रात्री दोन वाजता पेशंटजवळ येतो तो बहुधा यांच्यापैकीच एक. त्यांच्या वर सीनियर रेसिडेंट, मग असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर आणि विभागाचे एचओडी. पेशंटची तब्येत कशी आहे हे नीट कळायचं असेल, तर राउंड संपल्यावर जेआर-२ किंवा ३ ला गाठावं. त्यांना पेशंटची सगळी माहिती असते आणि वरिष्ठांनी काय ठरवलं हेही माहीत असतं. घोळक्याने जाऊ नये. घरातला एकच माणूस ठरवावा आणि रोज त्यानेच विचारावं, म्हणजे उत्तरांत घोटाळा होत नाही.

औषध दिलं का, लघवी किती झाली, ताप किती होता, हे सिस्टर किंवा ब्रदरला विचारायचं; चार्ट त्यांच्याकडे असतो. स्ट्रेचर आणि हलवाहलवीसाठी मामा, मावशी. पैशाची अडचण असेल तर समाजसेवा अधीक्षक; मोठ्या सरकारी दवाखान्यात हे पद असतं, पण बहुतेकांना ठाऊक नसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्र. या योजनेत ऑपरेशनआधी मंजुरी घ्यावी लागते, तिला 'प्री-ऑथ' म्हणतात. योजना कॅशलेस आहे, आधी पैसे भरून नंतर परत मिळवायची नाही. म्हणून रेशन कार्ड आणि आधार घेऊन भरतीच्याच दिवशी आरोग्यमित्रांकडे जावं, दवाखान्यातून घरी सोडण्याच्या दिवशी नाही.

नागपुरात खासगी दवाखान्यांच्या धंतोली-रामदासपेठेत पाट्या वाचत फिरताना तज्ज्ञांच्या जोड्या लक्षात ठेवल्या तर चुकीच्या दारात फी जात नाही. मूत्रपिंडाचा औषधोपचार आणि डायलिसिस नेफ्रॉलॉजिस्टकडे. मुतखडा, प्रोस्टेट, लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन यूरोलॉजिस्टकडे. लकवा, मिरगी न्यूरॉलॉजिस्ट पाहतात, मेंदूतली गाठ किंवा डोक्याचा मार न्यूरोसर्जन. अँजिओप्लास्टी कार्डिओलॉजिस्ट करतात, बायपास हृदयाचे सर्जन. सायकिअ‍ॅट्रिस्ट मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात आणि औषध लिहितात, सायकॉलॉजिस्ट समुपदेशन आणि चाचण्या करतात. नावापुढे डीएम असेल तर एमडीनंतरचं वरचं शिक्षण, एमसीएच असेल तर सर्जरीतलं तसंच वरचं.

चिठ्ठीवरची अक्षरं

एक-शून्य-एक म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आता सगळ्यांना कळतं. अक्षरांत लिहिलं की गोंधळ होतो. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. एचएस झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. स्टॅट म्हणजे आत्ता लगेच, एकदाच. डोळ्यांच्या चिठ्ठीवर मात्र ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा आणि ओयू दोन्ही. थेंबांच्या नावापुढे ओडी दिसलं तर 'दिवसातून एकदा की उजव्या डोळ्यात?' हे विचारूनच निघावं.

टीडीएस लिहिलेली अँटिबायोटिक सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाचला घेतली, तर पुढचे सोळा तास शरीरात औषध कमी पडतं. तीनदा म्हणजे साधारण आठ-आठ तासांनी.

एसओएस हा शब्द ऐकला की काहींना वाटतं, फार गंभीर वेळीच घ्यायचं. काही जण तीच गोळी रोज तीनदा घेतात. अर्थ साधा आहे : त्रास झाला तरच. पण हे औषध लिहून घेताना दोन गोष्टी विचारल्याच पाहिजेत. परत घ्यायची तर किती तासांनी? आणि दिवसात जास्तीत जास्त किती? तापाच्या गोळीबाबत हे फार महत्त्वाचं, कारण क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावं वेगळी असली तरी आत पॅरासिटामॉलच आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच असतं. तीन वेगळ्या पाकिटांतून एकच औषध तिप्पट पोटात जातं आणि त्याचा मार यकृतावर बसतो. पाकिटावर कंपनीने ठेवलेलं नाव असतं आणि औषधाचं खरं नावही असतं. वाचायचं ते खरं नाव.

लहान मुलांच्या औषधात तर जास्तच सावध राहावं लागतं. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप एकच समजले जातात, कारण दोन्ही पातळ, गोड आणि रंगीत. ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२० ते १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. आता दहा किलोचं बाळ घ्या. त्याला किलोमागे १० ते १५ प्रमाणे एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे ड्रॉप्सचा एक ते दीड मिलिलिटर, किंवा १२५ च्या सिरपचा एक छोटा चमचा, ५ मिलिलिटर. पाच मिलिलिटर हा आकडा डोक्यात बसलेल्या आईने सिरप संपलं म्हणून ड्रॉप्सची बाटली उघडली आणि तेवढंच दिलं, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. चौपट. उलट्या बाजूने, ड्रॉप्सच्या हिशोबाने एक मिलिलिटर सिरप दिलं तर २५ मिलिग्रॅमच जातं आणि ताप उतरत नाही. म्हणून बाळाचा डोस कधीही नुसत्या मिलिलिटरमध्ये लक्षात ठेवू नये. बाटलीवरचं प्रमाण, बाळाचं वजन आणि मिलिग्रॅम तिन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. घरातला चहाचा चमचा मापाचा नसतो, बाटलीसोबतचं माप किंवा सिरिंज वापरावी.

इन्शुलिनमध्येही अशीच चूक होते. बाटलीवर '४० आययू' किंवा '१०० आययू' लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तेवढी युनिटं. (हे युनिट वॉर्डाच्या युनिटपेक्षा वेगळं, औषधाच्या ताकदीचं माप.) सिरिंजही त्याच जोडीची लागते : ४० साठी लाल टोपीची, १०० साठी नारिंगी टोपीची. १०० च्या बाटलीतलं इन्शुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर २० ऐवजी ५० युनिटं जातात आणि साखर एकदम खाली येते. उलटी जोडी लागली तर ८ च युनिटं जातात. दुकानात सिरिंज मागताना बाटली सोबत न्यावी.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांबद्दल वेगळं सांगायलाच हवं. संधिवातासाठी देतात ती मेथोट्रेक्सेट अशीच आठवड्याला एकदा असते. ती चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कमी होतात, जीवही जाऊ शकतो. चिठ्ठीवर वार लिहून घ्या, 'फक्त रविवारी' असं. डबीवरही लिहा.

गोळीच्या नावामागच्या अक्षरांनाही अर्थ असतो. एसआर, ईआर, एक्सएल म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी. ती फोडून किंवा कुटून दिली तर दिवसभराचं औषध एका वेळी सुटतं. नाकातल्या नळीतून, म्हणजे राइल्स ट्यूबमधून औषध देणाऱ्यांनी हे आधी विचारावं. डीटी म्हणजे पाण्यात विरघळवून द्यायची, एमडी म्हणजे तोंडात विरघळणारी.

रिपोर्ट हातात आल्यावर

पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं असं नसतं. ज्याचा शोध घेतला ते सापडलं, एवढाच त्याचा अर्थ. थुंकीची टीबीची तपासणी पॉझिटिव्ह म्हणजे टीबीचे जंतू सापडले. 'निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी' म्हणजे कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. ही चांगली बातमी. रिअ‍ॅक्टिव्ह, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह हीसुद्धा तशीच जोडी. सोनोग्राफीत 'अनरिमार्केबल' लिहिलं असेल तर घाबरू नका, त्या अवयवात वावगं काही दिसलं नाही असं ते म्हणतात. एनएडीचा अर्थही तोच. सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट दोन पानांचा असला तरी गाभा शेवटी 'इंप्रेशन'खाली असतो. 'क्लिनिकल कोरिलेशन' लिहिलं असेल तर रेडिओलॉजिस्ट सांगत आहेत की फोटोवरून एवढंच दिसतं, निदान पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरांनी करावं.

तपासणीच्या चिठ्ठीवर रोगाच्या नावाआधी प्रश्नचिन्ह किंवा 'आर/ओ' असेल तर तो संशय आहे, निदान नाही. के/सी/ओ म्हणजे आधीपासून असलेला आजार. पुढे डीएम म्हणजे मधुमेह, एचटीएन म्हणजे उच्च रक्तदाब. ही ओळ तुमच्या सांगण्यावरून लिहिली जाते. भरतीच्या घाईत नातेवाईक अंदाजाने 'दहा वर्षांपासून शुगर आहे' म्हणतो, प्रत्यक्षात तीनच वर्षं झालेली असतात. तेच आकडे विमा कंपनीकडे जातात, आणि पॉलिसी घेण्याआधीचा आजार लपवला म्हणून क्लेम अडकतो. खरं तेच सांगावं, पण अंदाजाने नाही; जुनी चिठ्ठी पाहून सांगावं.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त असल्याने 'सिकलिंग पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट पुष्कळ घरांत असतो, आणि त्यावरून लग्नं मोडतात. या प्राथमिक तपासणीतून रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. ते किती आणि कसं, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी नावाची तपासणी लागते. तिच्यात 'एएस' आलं तर माणूस वाहक. तो बहुधा सगळं आयुष्य त्रासाविना काढतो. 'एसएस' आलं तर आजार, नियमित उपचार हवेत. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. एक मूल एसएस झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. दर वेळी शक्यता तीच. एक एएस आणि दुसरा एए, म्हणजे सिकल नसलेला, असेल तर मूल एसएस होत नाही. नुसत्या 'पॉझिटिव्ह' शब्दावर मुलीला किंवा मुलाला नावं ठेवू नयेत, पुढची तपासणी करावी.

याच सिकलसेलचा संबंध साखरेच्या तपासणीशीही आहे. एचबीएवनसी ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते आणि ६.५ किंवा जास्त आली की मधुमेह धरतात. पण ती तांबड्या पेशींवरून मोजली जाते. सिकलसेलच्या आजारात त्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो. घरात सिकलसेल असेल तर ही तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. फास्टिंग म्हणजे किमान आठ तास काही न खाता. साधं पाणी चालतं, चहा चालत नाही. पीपी म्हणजे जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी, जेवण संपल्यापासून नव्हे.

राउंडवर कानावर पडणारे शब्द

'पेशंट स्टेबल आहे' म्हणजे धोका टळला, असं घरचे समजतात आणि गावाकडे तसा फोनही जातो. डॉक्टरांच्या तोंडी स्टेबल म्हणजे या घडीला रक्तदाब, नाडी, श्वास, ऑक्सिजन जागेवर आहेत, घसरत नाहीत. ते औषधांच्या आधारावरही जागेवर असू शकतात. म्हणून पुढचा प्रश्न विचारावा : 'स्टेबल कशावर आहेत सर, स्वतःहून की औषधांवर?' व्हेंटिलेटर आणि बीपी टिकवण्याचं औषध, म्हणजे आयनोट्रोप, चालू असेल तर स्टेबल हा शब्द तेवढाच जपून घ्यायचा.

अ‍ॅक्यूट म्हणजे भयंकर नव्हे, तर अचानक सुरू झालेलं. क्रॉनिक म्हणजे खूप दिवसांपासून चालत आलेलं. हा फरक मूत्रपिंडात फार मोठा ठरतो. 'किडनी फेल झाली' ऐकून घरचे डायलिसिसला नकार देतात, घरी नेतो म्हणतात. पण जुलाब, साप चावणं, डेंगू, दुखण्याच्या गोळ्या यांनी झालेली अ‍ॅक्यूट किडनी इंज्युरी अनेकदा भरून येते, आणि डायलिसिस तेवढ्या दिवसांपुरतंच लागतं. क्रॉनिक असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांना एकच विचारा : अ‍ॅक्यूट आहे की क्रॉनिक? या उत्तरावर घरचा निर्णय पूर्ण बदलू शकतो.

हृदयाचेही तीन शब्द एकमेकांत मिसळतात. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी बंद पडणं. कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचे ठोकेच थांबणं. इथे त्याच क्षणी छाती दाबायला लागायचं. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय चालू आहे पण रक्त ढकलण्याचं बळ कमी पडलंय. असा माणूस औषधांवर वर्षानुवर्षं जगतो.

'अटॅक आला' एवढंच कॅज्युअल्टीत सांगू नये. छातीत दुखलं, एक बाजू लुळी पडली की झटके आले, ते सांगावं. लकव्याच्या पेशंटबाबत डॉक्टर विचारतात, 'लास्ट सीन नॉर्मल कधी?' इथे बहुतेक जण पेशंट पडलेला दिसला ती वेळ सांगतात. हवी असते ती तो धडधाकट दिसला ती शेवटची वेळ. बाबा सकाळी सहाला खाटेवर लुळे सापडले, पण रात्री दहाला जेवून बोलून झोपले, तर उत्तर रात्री दहा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्या वेळेनंतर मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून ही वेळ चुकीची सांगणं जिवावर बेतू शकतं. नागपूरच्या मे महिन्यात 'हीट स्ट्रोक' ऐकू येतो, तो निराळा : शरीराचं तापमान १०४ फॅरनहाइटच्या आसपास किंवा वर आणि सोबत बरळणं, झटके किंवा बेशुद्धी. त्यात दवाखान्यात पोचेपर्यंत अंग ओलं करून वारा घालणं हाच पहिला उपचार. तापाच्या गोळीचा उपयोग होत नाही.

कॅन्सरमध्ये 'स्टेज' म्हणजे आजार किती पसरला, 'ग्रेड' म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात. ग्रेड तीन म्हणजे स्टेज तीन नव्हे. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारालाही एक ते पाच स्टेज असतात. तिथली स्टेज चार कॅन्सरच्या स्टेज चारसारखी समजू नये.

लांबलचक नावं शेवटाकडून वाचा

'आयटिस' म्हणजे दाह, सूज : अपेंडिसायटिस, हेपटायटिस. 'एक्टमी' म्हणजे कापून काढून टाकणं : हिस्टरेक्टमी म्हणजे गर्भाशय काढणं, सुरुवातीला आलेली कोलेसिस्टेक्टमी म्हणजे पित्ताशय काढणं. 'ऑटमी' म्हणजे चिरून उघडणं, 'ऑस्टमी' म्हणजे बाहेर वाट काढणं, जशी ट्रेकिऑस्टमीत श्वासनलिकेला गळ्यातून. 'स्कोपी' म्हणजे दुर्बिणीने पाहणं. 'ग्राफी' म्हणजे चित्र घेणं आणि 'प्लास्टी' म्हणजे दुरुस्त करणं.

शेवटच्या दोघांमुळे खर्चाचा आणि संमतीचा मोठा घोळ होतो. अँजिओग्राफी ही तपासणी आहे, हृदयाच्या नळ्यांचं चित्र. अँजिओप्लास्टी हा उपचार आहे, फुगा घालून नळी उघडणं आणि बहुधा स्टेंट बसवणं. अँजिओग्राफीच्या संमतीपत्रात 'गरज वाटल्यास त्याच वेळी अँजिओप्लास्टी' अशी ओळ असू शकते. ती वैद्यकीयदृष्ट्या चुकीची नाही, चालू अटॅकमध्ये तर तेच योग्य असतं. पण सही करताना ती दिसली पाहिजे, आणि स्टेंटचा खर्च, योजनेची मंजुरी यांबद्दल आधीच बोलणं झालेलं पाहिजे. पेशंट शुद्धीवर आणि १८ वर्षांवरचा असेल तर संमती त्याची स्वतःची. 'हाय रिस्क कन्सेंट' मागितली तर धोका नेमका कशाचा, ऑपरेशन केलं नाही तर काय होईल आणि दुसरा मार्ग आहे का, हे तिन्ही विचारावं. मराठीतला फॉर्म मागायला संकोच नको.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खाटेवर 'एनबीएम' किंवा 'एनपीओ'ची पाटी लागते. तोंडाने काहीही नाही. भुलेत गिळण्या-खोकण्याची ताकद राहत नाही. पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं तर ऑपरेशन नीट होऊनही पेशंट दगावू शकतो. साधारण नियम असा की जेवण सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधी बंद, पण वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, तो अन्नात मोजतात. सकाळी माया करून दिलेला अर्धा कप चहा लपवू नका, सांगून टाका. ऑपरेशन काही तास पुढे जाईल एवढंच. रक्तदाबाची रोजची गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची का आणि इन्शुलिन किती, हे आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवावं.

सुट्टी

डिस्चार्ज समरी म्हणजे सुट्टीचा कागद. त्यात निदान, काय केलं, घरी घ्यायची औषधं आणि 'फॉलो-अप'ची तारीख असते. 'डामा' किंवा 'लामा' लिहिलं असेल तर डॉक्टरांचा सल्ला नसताना तुम्ही पेशंट नेला. तसं नेण्याचा हक्क आहे, पण तरीही उपचारांचा कागद मागून घ्या. पुढच्या दवाखान्याला त्याशिवाय काही कळत नाही, आणि विम्यातही अडचण येते. 'रेफर' झाला असेल तर चिठ्ठीत दिलेली औषधं आणि त्यांच्या वेळा हव्यात. साप चावलेल्या पेशंटला गडचिरोलीत सापाच्या विषावरच्या उताऱ्याच्या किती बाटल्या दिल्या आणि किती वाजता, यावरून नागपूरचे डॉक्टर पुढची मात्रा ठरवतात.

एक ओळ मात्र हमखास नजरेतून सुटते : 'एचपीआर अवेटेड'. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा तपासायला गेला आहे आणि रिपोर्ट अजून यायचा आहे, असा तिचा अर्थ. टाके सुकले, पेशंट बरा वाटतो, म्हणून तो रिपोर्ट कोणी घ्यायलाच जात नाही. काढलेल्या गाठीत कॅन्सर होता का, हे त्याच कागदावर असतं. सुट्टी घेतानाच तो कोणत्या खिडकीवर, कोणत्या तारखेला मिळेल आणि नोंदणी क्रमांक काय, हे समरीच्या मागे लिहून घ्या. रिपोर्ट आला की तो नुसता फाइलला लावून ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा.